सामाईक नदी

भारतातून आई-वडील आले की उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी त्यांना माउंट रेनियर दाखवायला नेणे, हा सिअॅटल परिसरातल्या मराठी घरांचा कुळाचारच झाला आहे. डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर शाली. लाँगमायर सोडून गाडी पॅराडाइजकडे चढू लागली की वाटेत एक पूल लागतो. खाली दगडगोट्यांनी भरलेले रुंद पात्र आणि त्यातून धावणारे राखाडी पाणी. "बर्फाचे पाणी ना हे? मग इतके गढूळ कसे?" हा प्रश्न ज्येष्ठ मंडळींकडून हमखास येतो.

उत्तर सोपे आहे. डोंगरावरून सरकणारी हिमनदी म्हणजे एक जाते आहे. बर्फाच्या भाराखाली खडक भरडला जातो आणि त्याचे मैद्यासारखे बारीक पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर खाली येते. ते इतके हलके असते की लवकर तळाशी बसत नाही. उन्हाळ्यात बर्फ जितके जास्त वितळते, तितके पाणी अधिक दुधट होते. म्हणजे ही घाण नव्हे, हा डोंगरच आहे.

ही नदी निस्क्वाली. १४,४१० फूट उंचीच्या माउंट रेनियरच्या दक्षिण उतारावरच्या निस्क्वाली हिमनदीतून ती निघते आणि सुमारे ८१ मैल वाहून टकोमा आणि ऑलिम्पिया यांच्या दरम्यान प्युजेट साउंडला मिळते. सॅमन पकडणाऱ्यांची ती आवडती नदी आहे. खालच्या शांत भागात आणि मुखाजवळच्या खाडीत कयाक घेऊन वल्हवणारेही पुष्कळ दिसतात. आपल्यापैकी काहींनी तिथे कयाक चालवलीही असेल. पण या लहानशा नदीवर एक असा दावा लढला गेला, की त्याच्या निकालाने साऱ्या वॉशिंग्टन राज्यातल्या मासेमारीचे गणित बदलले. त्या दाव्याच्या मुळाशी करारातले मोजके शब्द होते. ते शब्द आपल्यालाही लागू होतात, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी माशांविषयी थोडेसे. आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणण्याची पद्धत आहे, पण त्या दोघांचे कूळ वेगळे. पॅसिफिक सॅमन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि काही वर्षांनी अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मनदीत परततो. अंडी घातली की तो मरतो. समुद्रात मिळवलेले सारे पोषण तो अशा रीतीने डोंगरातल्या ओढ्यांना देऊन जातो. निस्क्वालीत चिनूक, कोहो, पिंक आणि चम या जाती येतात. इथला चम तर ऐन हिवाळ्यात येतो, इतर नद्यांतला हंगाम आटोपल्यावर. अंगात चरबी कमी असल्याने तो धुरावर वाळवून टिकतो. नदीकाठी राहणाऱ्या निस्क्वाली लोकांसाठी तो बेगमीचा मासा होता.

हे निस्क्वाली लोक म्हणजे इथले मूळ रहिवासी. सरकारी कागदांत त्यांना 'इंडियन' म्हटलेले असते. कोलंबसाच्या भूगोलाचा तो घोटाळा आपल्याला नवा नाही. या लेखात मी त्यांना मूळ रहिवासी किंवा निस्क्वालीच म्हणणार आहे. नदीकाठची गवताळ माळराने हा त्यांचा मुलूख. १८३३ साली हडसन बे कंपनीने तिथे फोर्ट निस्क्वाली ही वखार उघडली, ती प्युजेट साउंडवरची गोऱ्यांची पहिली व्यापारी पेढी. वखारीपुरते संबंध बरे होते. १८४६ साली इंग्लंड आणि अमेरिका यांनी आपसात सीमा ठरवली आणि हा प्रदेश अमेरिकेकडे गेला. ज्यांचा प्रदेश, त्यांना कोणी विचारले नाही. मग शेतीसाठी जमीन हवी असलेल्यांचे तांडे येऊ लागले.

१८५३ साली वॉशिंग्टन हा स्वतंत्र प्रांत झाला आणि आयझॅक स्टीव्हन्स त्याचे पहिले गव्हर्नर झाले. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले, लष्करातले इंजिनिअर, वय पस्तिशीच्या आत. कामाचा उरक दांडगा, धीर मात्र कमी. १८५४ च्या नाताळात निस्क्वालीच्या मुखाजवळ मेडिसिन क्रीक या ओढ्याकाठी त्यांनी आसपासच्या जमातींना बोलावले आणि २६ डिसेंबर रोजी तह झाला. सुमारे २२ लाख ४० हजार एकर जमीन सरकारला गेली. मोबदला ३२,५०० डॉलर, तोही वीस वर्षांत हप्त्याहप्त्याने. राहण्यासाठी तीन राखीव जागा मिळाल्या. निस्क्वालींच्या वाट्याला आली ती नदीपासून दूर, जंगलाने भरलेली टेकाडावरची १,२८० एकर जमीन.

तहाचा मसुदा इंग्रजीत होता. तो चिनूक जार्गन नावाच्या बाजारी बोलीत समजावून सांगण्यात आला. ही बोली फरच्या व्यापारासाठी तयार झालेली, काही शे शब्दांची. घोंगडी, मासा, बंदूक, किती, दे, घे, एवढ्यावर सौदा होतो. पण 'मालकी हक्काचा त्याग' तिच्यात कसा सांगायचा? प्रमुखांनी कागदावर फुल्या मारल्या.

या तहाच्या तिसऱ्या कलमात मासेमारीचे वाक्य आहे. त्याचा आशय असा: नेहमीच्या व वहिवाटीच्या सर्व जागी मासे धरण्याचा हक्क या लोकांकडे, प्रांतातील सर्व नागरिकांबरोबर सामाईक, सुरक्षित राहील.

'वहिवाट' आणि 'सामाईक' हे दोन्ही शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. ज्यांच्या घरी गावाकडच्या जमिनीचा सातबारा आहे, त्यांना या शब्दांतली ताकद आणि त्यांतली भांडणे वेगळी सांगायला नकोत. विहीर सामाईक आहे, असे कागदावर लिहिलेले असते. पण म्हणजे अर्धे पाणी तुमचे, की सगळे गाव रांगेत उभे राहील तेव्हा त्या रांगेत एक घागर तुमची? माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. दोन अर्थ निघणारे वाक्य स्पेसिफिकेशनमध्ये राहून गेले की ते कधी ना कधी वर येतेच, हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव. या वाक्याला वर यायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

नदी आणि माळ यांच्याशिवाय जगायचे कसे, या प्रश्नावरून १८५५ साली युद्ध पेटले. निस्क्वालींचा पुढारी होता लेशाय. तहावर त्याच्या नावापुढे फुली आहे, पण आपण ती मारलीच नाही असे त्याचे म्हणणे असल्याचे त्याचे लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. ऑगस्ट १८५६ मध्ये फॉक्स बेटावर पुन्हा बोलणी झाली आणि स्टीव्हन्सनी राखीव जागा बदलून दिली. आता निस्क्वालींना नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून ४,७१७ एकर मिळाले. ज्यासाठी लढले, ते पदरात पडले. पण लेशायवर मोझेस नावाच्या स्वयंसेवक दलातल्या अधिकाऱ्याच्या खुनाचा खटला भरण्यात आला. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही, दुसऱ्यात तो दोषी ठरला.

इथे एक लष्करी अधिकारी या कथेत येतो, लेफ्टनंट ऑगस्ट काउट्झ. लेशाय युद्धात लढला, खून केला नाही, असे त्याचे आणि त्याच्या सहकाऱ्यांचे मत होते. त्यांनी प्रत्यक्ष वाट मोजून नकाशा तयार केला आणि साक्षीदार सांगतो त्या वेळात लेशाय एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचूच शकत नव्हता, असे दाखवले. लेशायची बाजू मांडण्यासाठी काउट्झने 'ट्रुथ टेलर' नावाचे एक छोटे वृत्तपत्रही काढले. उपयोग झाला नाही. १९ फेब्रुवारी १८५८ रोजी लेशायला फाशी दिले गेले. लष्कराने आपल्या तळावर फाशी देण्यास नकार दिल्याने फाशीचा खांब तळाच्या हद्दीबाहेर उभारावा लागला. याच काउट्झने १८५७ च्या उन्हाळ्यात वापोवेटी या निस्क्वाली वाटाड्याला बरोबर घेऊन निस्क्वाली हिमनदीच्या वाटेने रेनियर चढण्याचा प्रयत्न केला होता. हिमनदी त्या काळी कुठवर होती, हे सांगताना अभ्यासक आजही त्याच्या वर्णनाचा आधार घेतात.

१० डिसेंबर २००४ रोजी वॉशिंग्टन राज्याच्या सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक ऐतिहासिक न्यायमंडळ बसले. युद्धातल्या कृत्यासाठी लेशायवर खुनाचा खटला भरायलाच नको होता, असा निर्णय त्याने एकमताने दिला. मधे १४६ वर्षे गेली.

पुढचा घाला जमिनीवर पडला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१७ च्या सुमारास, लष्करी छावणीसाठी राखीव जमिनीपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक भाग सक्तीने संपादन करण्यात आला. ती छावणी म्हणजे आजचा जॉइंट बेस लुईस–मकॉर्ड. आय-५ वरून जाताना त्याची फाटके आपण पाहतो. घरे गेलेल्यांत विली फ्रँक होते. त्यांनी नदीच्या खालच्या अंगाला सुमारे सहा एकरांचा तुकडा घेतला. त्याला फ्रँक्स लँडिंग म्हणतात.

याच काळात मासेही कमी होत चालले होते. १८७७ साली प्युजेट साउंडवर सॅमन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना निघाला आणि त्यानंतर समुद्रातच सापळे लावून बेसुमार मासे उपसले गेले. जंगलतोडीने ओढे गाळाने भरले. खुद्द निस्क्वालीवर टकोमा शहराने विजेसाठी १९१२ साली ला ग्रँड येथे आणि १९४५ साली त्याच्या वर आल्डर येथे धरण बांधले. मुखाजवळची खारजमीन १९०४ नंतर बांध घालून शेतीखाली आणली गेली. नदीवरचा मूळ रहिवासी या साखळीत सर्वांत शेवटी होता. समुद्रातल्या बोटींनी, मग खाडीतल्या बोटींनी आपापले घेतल्यावर जे मासे उरत, ते त्याच्या जाळ्यापर्यंत पोहोचत. आणि संवर्धनाचे नियम मात्र प्रथम त्याच्यावरच बजावले जात, कारण नदीत जाळे लावणे राज्याने बेकायदा ठरवले होते. राज्याचे म्हणणे एवढेच की 'सर्व नागरिकांबरोबर सामाईक' याचा अर्थ, तुम्हीही इतरांसारखेच एक नागरिक, इतरांचे नियम तुम्हालाही.

विली फ्रँक यांचा मुलगा बिली १९३१ साली जन्मला. १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या चौदाव्या वर्षी, निस्क्वालीत रात्री जाळे लावताना त्याला प्रथम अटक झाली. पुढे अटकांची संख्या पन्नासच्या वर गेली. मधे दोन वर्षे तो अमेरिकेच्या मरीन दलात नोकरी करून आला. परत आल्यावर पुन्हा जाळे आणि पुन्हा अटक. आपण धोरणे आखणारे नव्हतो, अटक करून घेणारे होतो, असे ते पुढे स्वतःविषयी हसत सांगत.

१९६० च्या दशकात दक्षिणेत कृष्णवर्णीयांची सत्याग्रही धरणी चालू होती. त्यावरूनच इथे 'फिश-इन' हा शब्द आला: बंदी असलेल्या जागी उघडपणे जाळे टाकायचे आणि काय होईल ते सोसायचे. मार्च १९६४ मध्ये शेजारच्या प्यूअॅलप नदीवर नट मार्लन ब्रँडो यांना अटक झाली आणि वृत्तपत्रांचे लक्ष गेले. विनोदी नट डिक ग्रेगरी यांनी फ्रँक्स लँडिंगला जाळे टाकून तुरुंगवास भोगला. पण तारे येत आणि जात. नदीवर राहणाऱ्या बायका-मुलांना छापे, लाठ्या आणि जप्त झालेल्या होड्या पुढेही सोसाव्या लागत. ९ सप्टेंबर १९७० रोजी प्यूअॅलपकाठच्या छावणीवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि साठेक जणांना पकडले. केंद्र सरकारचे वकील स्टॅन पिटकिन तिथे हजर होते. थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या केंद्र सरकारने तह पाळला जावा म्हणून वॉशिंग्टन राज्यावर दावा दाखल केला.

दावा न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांच्यापुढे आला. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेमलेले, शिस्तीचे, जुन्या वळणाचे न्यायाधीश. मूळ रहिवाशांना त्यांच्याकडून फार आशा नव्हती. बोल्ट यांनी मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा लेन यांची सविस्तर साक्ष ऐकली, वृद्धांच्या साक्षी घेतल्या आणि तहाच्या बैठकीची टिपणे वाचली. जो पक्ष दुबळा आणि ज्याची भाषा कागदावर नाही, त्याला करार जसा समजला असेल तसा तो वाचावा, हे तत्त्व अमेरिकेच्या न्यायालयांत जुनेच आहे. १९०५ साली कोलंबिया नदीवरच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती: तह म्हणजे सरकारने मूळ रहिवाशांना दिलेली देणगी नव्हे. मूळ रहिवाशांनी सरकारला दिले ते लिहिलेले असते, जे दिले नाही ते त्यांचेच राहते.

१२ फेब्रुवारी १९७४ रोजी निकाल लागला. 'सामाईक' म्हणजे समसमान. अंडी घालण्यासाठी पुरेसे मासे नदीत सोडल्यावर जे पकडण्याजोगे उरतात, त्यांतले निम्म्यापर्यंत तहातल्या जमातींचे. त्याआधी त्यांच्या वाट्याला पाच टक्क्यांहूनही कमी मासे येत असत. शिवाय मासेमारीच्या व्यवस्थापनात जमाती आता राज्याच्या बरोबरीने बसणार होत्या.

हाहाकार उडाला. बोल्ट यांचे पुतळे जाळले गेले, गाड्यांवर त्यांच्याविरुद्ध स्टिकर लागले, राज्याने आदेश अमलात आणण्यात शक्य तेवढी टाळाटाळ केली. बोटीवर कर्ज काढून पोट भरणाऱ्या गोऱ्या कोळ्यांचा रागही समजण्यासारखा होता. त्यांनी तह मोडला नव्हता, तह मोडणाऱ्या व्यवस्थेने त्यांना परवाने विकले होते. अखेर २ जुलै १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोल्ट यांचा निर्णय मुख्यत्वे कायम केला. निम्मा वाटा ही कमाल मर्यादा ठरली, पण तत्त्व टिकले.

इथे गोष्ट संपली असती तर ती न्यायाच्या विजयाची गोष्ट झाली असती. पण निम्मे कशाचे? मासेच नसतील तर शून्याचे निम्मेही शून्यच. हे बिली फ्रँक यांना सर्वांच्या आधी उमगले, आणि मला वाटते हेच त्यांचे खरे मोठेपण. जमातींनी एकत्र येऊन नॉर्थवेस्ट इंडियन फिशरीज कमिशन स्थापन केले. त्याचे अध्यक्षपद त्यांनी सुमारे तीस वर्षे सांभाळले. ज्या खात्यांच्या माणसांनी त्यांना बेड्या घातल्या, त्यांच्याशीच ते टेबलावर बसले. १९८७ पासून निस्क्वालीसाठी एक परिषद काम करते. तीत जमात, शेतकरी, वीज कंपन्या, लाकूड व्यावसायिक आणि लष्करी तळ, सगळे एकत्र येतात. २००९ साली मुखाजवळचा जुना बांध काढून ७६२ एकरांत भरतीचे पाणी पुन्हा खेळू दिले. जमातीने आपल्या बाजूला आधीच केलेले काम धरून हे क्षेत्र सुमारे ९०० एकर होते. समुद्राकडे निघालेली सॅमनची पिल्ले खाऱ्या पाण्याची सवय करून घेतात ती अशाच खाजणांत.

बिली फ्रँक ५ मे २०१४ रोजी गेले. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर अध्यक्षीय स्वातंत्र्य पदक मिळाले आणि मुखाजवळच्या पक्षी व वन्यजीव अभयारण्याला त्यांचे नाव दिले गेले. ज्या नदीत त्यांना पकडले, तिच्या मुखावर आता त्यांच्या नावाची सरकारी पाटी आहे. २०१६ साली किनाऱ्यावरच्या अनेक जमातींच्या पारंपरिक होड्या दूरदूरचे अंतर वल्हवत निस्क्वालींच्या पाहुण्या म्हणून इथे आल्या होत्या.

तरीही नदीची तब्येत ठीक आहे असे म्हणवत नाही. निस्क्वालीचे मूळचे चिनूक वाण नष्ट झाले. आज दिसतात ते मुख्यतः उबवणी केंद्रांतून आलेल्यांचे वंशज. प्युजेट साउंडमधला चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. आणि वर हिमनदी मागे सरते आहे. काउट्झच्या काळी ती आजच्या रस्त्याच्या पुलापर्यंत पोहोचत होती, आता पुलावरून वर पाहिले तर बर्फ खूप लांब दिसते. उन्हाळ्याच्या शेवटी नदीला थंड पाणी पुरवणारी ही टाकी आहे. ती रिकामी झाली, तर कुठल्याही न्यायालयाच्या निकालाने भरता येणार नाही.

आता आपल्याविषयी. आपण जिथे राहतो ते सिअॅटल, बेलव्ह्यू, एव्हरेट वगैरे भाग मेडिसिन क्रीकच्या तहात येत नाहीत. ते त्यानंतर महिन्याभरात, जानेवारी १८५५ मध्ये झालेल्या पॉइंट एलियटच्या तहात येतात. पण मासेमारीचे कलम तेच. नागरिकत्वाची परीक्षा देताना आपण सर्वांनी पाठ केले, की राज्यघटना हा या देशाचा सर्वोच्च कायदा. त्याच घटनेच्या सहाव्या कलमात लिहिले आहे, की देशाने केलेले तहसुद्धा सर्वोच्च कायदाच होत. आपण शपथ घेतली त्या दिवशी तहातल्या 'सर्व नागरिक' या दोन शब्दांत आपलाही समावेश झाला. घराचे खरेदीखत करताना वकिलाने हे सांगितले नसले तरी, आपण या सामाईक खात्यातले दुसऱ्या बाजूचे वाटेकरी आहोत.

"हे सगळे आपल्या येण्याआधीचे, आपला काय संबंध?" असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. इथली स्वस्त वीज, सुपीक जमीन, रस्ते, शाळा यांचा लाभ आपण घेतो, तेव्हा तो आपल्या येण्याआधीचा आहे असे म्हणत नाही. लाभ वारशाने घ्यायचा आणि देणे तेवढे परक्याचे म्हणायचे, हा हिशेब सरळ नव्हे. मुलांना गळ टाकायला नेताना जे परवान्याचे पुस्तक आपण चाळतो, त्यातला हंगाम आणि मर्यादा जमाती आणि राज्य यांच्या दरवर्षीच्या वाटाघाटींतून ठरतात. एखाद्या वर्षी हंगाम लवकर बंद झाला की नदीवर कुणीतरी कुरकुरतो, की 'त्यांना' मात्र जाळी टाकू देतात. त्या वेळी आपल्या मुलांना खरे काय ते सांगता आले पाहिजे: त्यांना सवलत दिलेली नाही, त्यांनी बाकी सर्व दिले आणि एवढे ठेवले.

वहिवाट कागदावर टिकत नाही, ती पायांनी टिकते. एकशेवीस वर्षे कुणी नदीवर गेलेच नसते, तर बोल्ट यांच्यापुढे वाचायला फक्त एक जुना कागद असता. एक चौदा वर्षांचा मुलगा डिसेंबरच्या रात्री थंडगार पाण्यात जाळे लावत होता, त्याच्या आधी त्याचा बाप लावत होता, म्हणून त्या कागदाला अर्थ उरला. आता ते पाणी वाहते ठेवण्याचे काम दोन्ही वाटेकऱ्यांचे आहे.